"रविवारी काय जेवलीस?" – परदेशातले शिक्षणाचे दिवस आणि घरी मारलेल्या थापा

मुलुंडकरीण

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगचा पुनर्विकास अखेर मार्गी लागला (सात वर्षं नुसत्या मीटिंगा!) आणि महिनाअखेर आईचं घर रिकामं करून द्यायचं आहे. गेले दोन शनिवार-रविवार मी माळा उपसतेय. पितळी घंगाळ, तुटका आकाशकंदील, माझ्या दहावीच्या वह्या आणि सुतळीनं बांधलेली तीन कालनिर्णयं. २००३, २००४, २००५.

जुनं कालनिर्णय कोणी जपून ठेवतं का? आईला विचारलं तर म्हणाली, "राहू दे गं, पाठीमागे पाककृती आहेत."

मी सुतळी सोडली. चौकटींत नेहमीचंच सगळं. दुधाचे आकडे, मधूनच बारीक फुल्या, "गॅस लावला", "मावशीकडे हळदीकुंकू". पण दर रविवारी काहीतरी वेगळं लिहिलेलं. "मि. ९. आमटी-भात, फरसबी." "मि. ६. खिचडी, पापड." "मि. ११. थालीपीठ." आधी वाटलं, आपल्याच घरचा रविवारचा बेत असेल. मग १८ जानेवारी २००४ च्या चौकटीत वाचलं, "मि. ८. पडवळाची भाजी, पोळ्या ३."

पडवळ वाचलं आणि पोटात खड्डा पडला. कारण ती थाप माझी होती.

मी २००३ च्या सप्टेंबरपासून दोन वर्षं जर्मनीत आखेनला शिकत होते. दर रविवारी दुपारी बारा वाजता स्टेशनजवळच्या टेलिफोनच्या दुकानात जायचं, पाच युरोचं कार्ड घ्यायचं, लाकडी खोपटात शिरून घरी फोन लावायचा. हिवाळ्यात मुलुंडला तेव्हा साडेचार, म्हणजे चहाची वेळ. पहिल्याच फोनला आईनं विचारलं, काय जेवलीस? मी खरं ते सांगितलं. ब्रेड. पलीकडे एकदम चिडीचूप. पाच-सहा सेकंदच असतील, पण मिनिटं विकत घेतलेली असली की गप्प बसण्याचेही पैसे पडतात. पुढच्या रविवारी म्हटलं, वरणभात आणि कोबी. लगेच आईचा आवाज मोकळा झाला. "हिंग घातलास ना फोडणीत?" झालं. तेव्हापासून मी दर रविवारी एक जेवण रचून सांगू लागले.

गंमत अशी की आठवड्यात सगळ्यात जास्त भूक मला रविवारीच लागलेली असायची. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. शनिवारी रात्री आठच्या आत सामान आणलं नाही तर सोमवारपर्यंत हरी हरी. आणि शनिवारी मी झोपलेली असायची, कारण शुक्रवारची रात्रपाळी. तेव्हा आम्हा बाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ९० पूर्ण दिवस किंवा १८० अर्धे दिवस एवढंच काम करायची परवानगी होती. त्या गावात नाताळच्या आधी मसाल्याची बिस्किटं बनतात, 'प्रिंटन' म्हणतात त्यांना. मी ती खोक्यांत भरायचे. दालचिनी, लवंग, बडीशेप, धणे. रात्रभर तो वास. आजही आईनं गोड्या मसाल्याचा डबा उघडला की घरात सगळे "अहाहा" करतात आणि मला कारखान्यातली ट्यूबलाइट आठवते.

माझ्या शेजारी एक पोलिश बाई असायची, साठीची. आम्हाला दोघींना मिळून जर्मन शब्द पन्नास येत असतील. ती रोज मधल्या सुट्टीत अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवायची आणि पोटावर हात ठेवून मान हलवायची, की मला एवढं जात नाही. दोन महिने रोज तिला तेवढंच जात नव्हतं.

चांगलं काहीच नव्हतं असं मुळीच नाही. गावाच्या मधोमध गंधकाच्या गरम पाण्याचे नळ आहेत, त्या वासानं मला थेट वज्रेश्वरीची कुंडं आठवायची. एका रविवारी चालत चालत हॉलंडमध्ये जाऊन आले! सीमेवर कोणी विचारलंसुद्धा नाही. इथे मुलुंड चेकनाक्यावर ट्रकांच्या रांगा बघत मोठी झालेली मुलगी मी.

तर प्रश्न असा. आई आता चौऱ्याहत्तरची आहे. ही सगळी जेवणं खोटी होती हे तिला सांगू का? की सुतळी परत बांधून ठेवू? आणि तुम्ही काय काय थापा मारल्यात?

चौथी_सीट

पडवळ!! अगं निदान कोबीवर तरी थांबायचंस.

अबोली

वाचून गलबलले. सांगू नकोस असं माझं मत. वाचतेय, लिहा सगळे.

चौथी_सीट

आता सविस्तर. मी १९९८ ते २०००, अमेरिका, मिडवेस्ट. जायच्या आधी ब्रीच कँडीला वकिलातीबाहेर पहाटे चारपासून रांग, खिशात पासपोर्ट आणि बाबांच्या पीएफच्या कागदांची झेरॉक्स. व्हिसा मिळाला तेव्हा बाबांनी टॅक्सी केली. ब्रीच कँडी ते प्रभादेवी टॅक्सीनं आलेले आमच्या चाळीतले आम्ही पहिलेच असू.

कॅम्पसबाहेर काम करायचं नाही आणि कॅम्पसवर आठवड्याला वीस तास, असा नियम. मला काम मिळालं विद्यापीठाच्या खानावळीत, ताटं धुवायचं. ताशी पाच डॉलर पंधरा सेंट, म्हणजे तिथलं किमान वेतन. घरी सांगितलं 'असिस्टंटशिप' मिळाली. खोटं नव्हतं, असिस्टंट होतोच, भांडी घासणाऱ्याचा. बाबांनी चाळीत पेढे वाटले.

पट्ट्यावरून ताटं यायची, निम्म्यांत न उष्टावलेलं अन्न. अख्खं सफरचंद, अख्खा केक. ते खायचं नाही, फेकायचं, असा नियम. मी एकदा सफरचंद खिशात घातलं. सुपरवायझरनं पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं, त्यानं तोंड फिरवलं. पुढे सहा महिने मी सफरचंद खाल्लं नाही.

घरी फोटो पाठवायची पद्धत सगळ्यांना माहीत असेल. पार्किंगमध्ये दिसेल त्या गाडीला टेकून उभं राहायचं. माझी होती लाल. बाबांनी तो फोटो फ्रेम करून टीव्हीवर ठेवला. मी परत आल्यावर दहा-बारा वर्षांनी एकदा जेवता जेवता म्हणाले, "ती लाल गाडी विकलीस का रे येताना?" म्हटलं, विकली. "किती आले?" म्हटलं, बरे आले.

फ्रेम अजून आहे. बाबा गेले. गाडी कोणाची होती देव जाणे.

लेनिनग्राडकर

तुम्हा लोकांना निदान फोन होते. आमचा जमाना पत्रांचा.

मी मूळ गिरगावचा. पेडर रोडच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात रशियन शिकलो आणि १९८८ मध्ये शिष्यवृत्तीवर लेनिनग्राडला इंजिनिअरिंगला गेलो. पहिलं वर्ष नुसती भाषा, मग पाच वर्षं शिक्षण. खोलीत आम्ही तिघं, एक व्हिएतनामचा, एक इथिओपियाचा. तिघांची समान भाषा म्हणजे मोडकी रशियन, त्यामुळे भांडणं लवकर मिटायची, शब्दच संपायचे.

घरून पत्र यायला तीन आठवडे लागत. कधी चार. म्हणजे मी "परीक्षा जवळ आली" लिहायचो आणि उत्तरात "चांगला अभ्यास कर" यायचं तेव्हा निकाल लागलेला असायचा.

जून १९९० मध्ये बाबांचं पत्र आलं. आजी गेली. तारीख पाहिली तर तेवीस दिवस झालेले. ज्या दिवशी गेली त्या दिवशी मी काय करत होतो ते आठवून पाहिलं. नदीकाठी आइस्क्रीम खात होतो, नक्की आठवतं, कारण त्या संध्याकाळचा फोटो आहे. मी हसतोय त्यात. बाबांनी लिहिलं होतं, सुतकाचे दिवस उलटलेत, तू नुसती डोक्यावरून आंघोळ कर आणि आजीच्या नावानं दिवा लाव.

आता यातली अडचण ऐका. तिथे उन्हाळ्यात पाइपांच्या दुरुस्तीसाठी अख्ख्या भागाचं गरम पाणी काही आठवडे बंद असतं. आणि जूनमध्ये त्या शहरात रात्र होतच नाही. मध्यरात्रीसुद्धा बाहेर संध्याकाळसारखा उजेड. दिवा लावायचा तर कशात? चहाच्या बशीत सूर्यफुलाचं तेल घातलं, कापसाची वात केली, दक्षिण कुठे ते व्हिएतनामच्या पोरानं होकायंत्रानं काढून दिलं. लावला. दिसेच ना. खिडकीला घोंगडी लावली तेव्हा कुठे ज्योत दिसली.

होस्टेलच्या दारावर एक म्हातारी बसायची, चाव्या सांभाळायला. मी थंड पाण्याची बादली घेऊन निघालो तर ओरडली, मरशील म्हणून. मी म्हटलं, बाबुश्का गेली, आंघोळ करायची आहे. तिनं पुढे काही विचारलं नाही. तिच्या गॅसवर तीन वेळा किटली तापवून बादलीत ओतली. हात घालून बघितलं. मग म्हणाली, जा.

आणखी एक थाप. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर आले, तेव्हा घरी तार केली "सगळे ठीक". ठीक काय होतं कोणाला माहीत! सप्टेंबरात आमच्या शहराचं नाव बदललं, डिसेंबरात देश गेला, जानेवारीत सरकारनं किमतींवरचं बंधन उठवलं आणि आमच्या विद्यावेतनात महिन्याऐवजी काही दिवसच निघायला लागले. गेलो सोव्हिएत युनियनमध्ये लेनिनग्राडला, परतलो रशियातून सेंट पीटर्सबर्गहून. खोली तीच, पलंग तोच.

मुंबईत नोकरीसाठी मुलाखतीला गेलो की पहिला प्रश्न, "हा देश आहे का अजून?"

मीठभाकर

मुद्दामच लिहितो, राग मानू नका. धागा छान आहे, पण बोलतायत सगळे गेलेलेच.

माझा दादा गेला ऑस्ट्रेलियाला. मी बारावीत. कल्याणचा फ्लॅट तारण. त्याचे हप्ते सुरू झाले आणि त्याला नोकरी मिळेपर्यंत ते भरायला बाबांचा पगार पुरेना, म्हणून मी सकाळचं कॉलेज करून मशीद बंदरला एका सुक्या मेव्याच्या पेढीवर लागलो. बिलं लिहायची, गोणी मोजायच्या. दादा फोनवर म्हणायचा, इथे फार एकटं वाटतं. आई रडायची. संध्याकाळी कर्जत लोकलला लोंबकळत येणाऱ्या माणसाला एकटं वाटायला जागाच नसते, हे मान्य.

फोन आला की आई बोलणार, बाबा बोलणार, आजी बोलणार. मी घड्याळ बघून "मिनिट झालं, मिनिट झालं" करायचं. दोन वर्षांत दादाशी माझं एकूण बोलणं पंधरा मिनिटं झालं असेल. तो आल्यावर मला म्हणाला, तू फोनवर कधी बोलायचाच नाहीस.

कडू-गोड आठवणी म्हणता, त्यातल्या गोडाचा हप्ता कोणीतरी इथे भरत असतं. एवढंच.

अबोली

मीठभाकर, राग कशाचा. बरं झालं लिहिलंत.

बोरिवली_स्लो

मीठभाकर यांच्यावरून आठवलं. आपणच थापा मारतो असं आपल्याला वाटतं. घरचे काय कमी असतात?

मी २००४ ते २००६ ओहायोत होते. माहेर कुर्ल्याला, तळमजला, मिठी नदी जवळच. २७ जुलै २००५ ची सकाळ. लॅबमध्ये गेले तर कोणीतरी म्हणालं, तुझ्या शहराची बातमी आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मी आकडा दोनदा वाचला, वाटलं छापायची चूक असेल.

फोन लावला, नुसतं टूं टूं. मोबाइल बंद. काकांकडे लावला, बंद. तो दिवस, ती रात्र आणि दुसरा पूर्ण दिवस मी एकच नंबर फिरवत होते. इंटरनेटवर तेच तेच चार फोटो. गळ्यापर्यंत पाण्यातून चालणाऱ्या माणसांचे चेहरे मोठे करून बघत होते, बाबा दिसतात का.

तिसऱ्या दिवशी लागला. आई म्हणाली, "काही नाही गं, जरा पाणी आलं होतं. पुसून काढलं. तुझा अभ्यास कसा चाललाय?" मी सुटकेनं एवढी रडले की पुढचं काही विचारलंच नाही.

डिसेंबरात आले. दार उघडलं आणि घर मोठं वाटलं. मोठं का, तर सामानच नव्हतं. कपाट नाही, दिवाण नाही, माझी पेटी नाही. भिंतीला नवा रंग, पण कोपऱ्यात एक रेघ राहून गेली होती, माझ्या छातीच्या उंचीला. बाबा बारीक दिसत होते. त्यांना लेप्टो झाला होता आणि ऑगस्टमध्ये ते बारा दिवस हॉस्पिटलात होते, हे मला शेजारच्या मावशींनी सांगितलं. त्या बारा दिवसांत दोन रविवार आले होते. दोन्ही रविवारी आईनं मला सांगितलं होतं, बाबा भाजी आणायला गेलेत.

चौथी_सीट

बोरिवली_स्लो, _/\_

परळ_व्हिलेज

थोडं अवांतर वाटेल, पण आमच्या भागात वाढलेल्या माणसाला या विषयावर दुसरं काही आठवतच नाही.

परळच्या बीआयटी चाळीवरून मी शाळेत जायचो. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबियात गेले, तिथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती, ती बोट महायुद्धात बुडाली. मग मुंबईत शिकवून पैसे साठवले, काही उसने घेतले आणि १९२० मध्ये परत लंडन. १९२३ मध्ये परत आले आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. लंडनमधल्या अर्धपोटी अभ्यासाबद्दल आपण वाचतो, भाषणात ऐकतो. तेव्हा इथे चाळीतल्या खोल्यांत रमाबाई घर चालवत होत्या. शाळेत आम्हाला बाईंनी चाळ दाखवली होती आणि एवढंच विचारलं होतं, "पत्रात त्या काय लिहीत असतील?" कोणालाच उत्तर आलं नाही.

मीठभाकर यांची पोस्ट वाचून तो प्रश्न परत आठवला.

पावसाळी_छत्री

नव्या पिढीतर्फे हजेरी! मी २०२२-२३, इंग्लंड, एक वर्षाचं मास्टर्स. आमच्या वेळी फोनच्या मिनिटांचा प्रश्नच नव्हता, व्हिडिओ कॉल फुकट. म्हणून तर थापा मारणं जास्त कठीण झालं.

आम्ही एका घरात आठ जणी. एजंटनं दाखवलेल्या फोटोतली खोली आणि मिळालेली खोली यांचा फक्त पत्ता एक होता. भिंतीला बुरशी. एकच कोपरा बरा, तिथे मी दिव्यांची माळ लावली आणि खुर्ची ठेवली. सगळे कॉल तिथूनच. वर्षभर आईनं माझं घर म्हणून तेवढी चार फूट भिंत पाहिली. "सजवलंयस छान गं!" कोणाचा कॉल असला की बाकीच्या सात जणी खुर्चीसाठी रांगेत. एकदा दोघींच्या आया भिशीत भेटल्या आणि फोटो दाखवताना लक्षात आलं की दोन्ही मुलींची भिंत एकच आहे, हाहाहा.

जेवणाचं म्हणाल तर पिवळं लेबल झिंदाबाद. संध्याकाळी सुपरमार्केटात मुदत संपत आलेल्या वस्तूंवर पिवळी चिठ्ठी लावतात. ती लावणाऱ्या काकांच्या मागे आम्ही बदकाच्या पिल्लांसारख्या फिरायचो. काका आधी वैतागायचे. नंतर पनीर आलं की आमच्याकडे बघून भुवई उडवायचे.

सत्रात आठवड्याला वीस तास काम. शनिवार-रविवार गोदामात रात्रपाळी. शिक्षण संपल्यावरची दोन वर्षं व्हिसावर काढली, हव्या त्या क्षेत्रात नोकरी मिळाली नाही, परत आले. आता ठाण्यात नोकरी, पगारातून कर्जाचा हप्ता. लोक विचारतात, मग जाऊन काय मिळालं? दर वेळी वेगळं उत्तर देते. खरं उत्तर मलाही ठरवता आलेलं नाही. पण तिथल्या लायब्ररीत रात्री दोन वाजता खिडकीशी बसून बर्फ बघितला होता, एकटीनं, आणि कोणीही मला "घरी कधी येणार" विचारणारं नव्हतं. ते मला परत पाहिजे असतं कधी कधी. आईला हे सांगता येत नाही. भिंतीचं सांगून झालं, हे नाही.

तिकीट_तिकीट

नमस्कार. मी निवृत्त बेस्ट कंडक्टर, राहणार वडाळा. इथे फक्त वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. चूकभूल द्यावीघ्यावी.

माझा मुलगा मागच्या ऑक्टोबरपासून जर्मनीत आहे. जायच्या आधी ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवावे लागले, त्यातले ९९२ त्याला दर महिन्याला मिळतात. माझ्या फंडाचे पैसे आणि थोडं कर्ज. माझ्या मोबाइलवर मुंबईचं हवामान नाहीच, त्याच्या गावाचं आहे. उणे चार दिसलं की मी इथे पंखा बंद करतो. बायको हसते.

मुलगा रोज सांगतो, पोळी-भाजी केली, आमटी केली. आम्ही खूश होतो. आता तुमचा धागा वाचून दोन दिवस झोप नाही. चौतीस वर्षं विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखला, पण पोराचं कळत नाही. विचारू का त्याला सरळ?

पावसाळी_छत्री

काका, विचारू नका. फ्रिज दाखव म्हणा!!

लेनिनग्राडकर

तिकीटसाहेब, फ्रिजही नको. तो पोळी-भाजी म्हणतो तेव्हा घरची भाषा बोलत असतो. बोलू द्या.

चौथी_सीट

मी फ्रिजवाल्यांच्या बाजूनं. ९९२ मध्ये भाडं जाऊन पोळी-भाजी खरंच होते हो. आता इंडियन दुकानं सगळीकडे आहेत. उगाच काळजी करू नका.

मुलुंडकरीण

उशिरा येतेय, सामानाचे टेम्पो चालू होते. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले.

मीठभाकर, तुमची पोस्ट वाचून मी रात्री परत ती कालनिर्णयं काढली. पहिल्यांदा मी नीट पाहिलंच नव्हतं. जेवणाचं लिहिलंय ते आईचं अक्षर, गोल गोल. "मि. ९" मात्र तिचं नाही. ते तिरकं, घाईतलं, माझ्या धाकट्या भावाचं आहे. तो तेव्हा अकरावीत. म्हणजे दर रविवारी घड्याळ बघत तोही उभा असायचा. मी त्या दोन वर्षांत त्याच्याशी काय बोलले ते आठवायचा प्रयत्न केला. "आईकडे दे" एवढंच आठवतंय.

त्याला फोन केला. पुण्याला असतो. "मि. म्हणजे तूच लिहायचास का?" तर म्हणे, "हो मग! आणि पुढचं ऐक. तू फोनवर जे जे सांगायचीस ते आई त्या रात्री इथे करायची. सगळ्यांनी तेच जेवायचं. तुझ्या पडवळापायी मी संध्याकाळी पाच वाजता मुलुंड मार्केट, मग भांडुप, असा फिरलोय. जानेवारीत पडवळ! शेवटी दुधी आणला आणि आईला म्हटलं, हाच समज."

मग मात्र आईला विचारल्याशिवाय राहवेना. भाड्याच्या घरात खोक्यांवर बसून चहा पीत होतो. म्हटलं, आई, मी तिकडे रविवारी जे जेवण सांगायचे ना… तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही. "पडवळ ना? मुलुंडात मिळेना, तर जर्मनीत कुठून येणार होतं?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू रडली असतीस. आठ मिनिटांत रडायचं कधी आणि बोलायचं कधी?"

थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाली, "तुझ्या आधी मला कळायचं, आज नुसता ब्रेड आहे. ज्या दिवशी बेत मोठा, त्या दिवशी पोट रिकामं. थालीपीठ म्हणालीस की मला धस्स व्हायचं."

अकरा मिनिटांचं थालीपीठ. त्या रविवारी मी काय खाल्लं होतं ते मी इथे लिहिणार नाही.

आता राहिल्या त्या बारीक फुल्या. मला वाटलं, ज्या रविवारी माझा फोन आला नाही ते दिवस असतील, किंवा ती रडली ते दिवस असतील. दोन रात्री मी त्या फुल्यांच्या तारखा जुळवत बसले होते. शेवटी विचारलं. आई म्हणाली, "अगं, त्या दिवशी दूधवाला आला नव्हता."

अबोली

:))) आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही.

मीठभाकर

भावाला फोन केलात ते वाचलं. किती मिनिटं?

मुलुंडकरीण

मीठभाकर, चाळीस. त्यातली तीस तो मला शिव्या घालत होता पडवळावरून.

तिकीट_तिकीट

सर्वांचे आभार. फ्रिज दाखव म्हणायचा धीर झाला नाही. पण आज फोन आला तेव्हा सहज विचारलं, काय रे, आज जेवायला पडवळ का?

म्हणाला, "बाबा, पडवळ म्हणजे काय?"